फरम्यावरची चकती

"लग्नाचे जोडे पाहिजेत. काळे, ऑक्सफर्ड."

अकोल्याहून एसटीने आलेल्या त्या तरुणाने एवढंच सांगून मोजा काढला आणि उजवा पाय पुढे केला. अमरावतीच्या त्या छोट्या दुकानात शिलाई महादेवरावांची आणि माप घ्यायचं काम त्यांच्या लेकीचं, रागिणीचं. तिने वर पाहिलं... आणि टेप हातातच राहिली. नवरदेव! देवा, कोण गं ती भाग्याची?

"अंगठ्यापाशी गाठ आहे तुमच्या," ती कशीबशी म्हणाली.

"लहानपणी बैलानं पाय देल्ला होता. जोड्यात दिसन काय?"

"मी दिसू देईन काय?"

तो हसला. कुलदीप त्याचं नाव. त्याच्या मापाच्या लाकडी फरम्यावर, गाठीच्या जागी, रागिणीने चामड्याची चकती चिकटवली. त्यावर कातडं ताणलं की जोड्यात तेवढी जागा राहते. चकती तिने जरा जास्तच जीव लावून चिकटवली.

मग तो येतच राहिला. टोकावर नक्षी हवी की साधंच? सोल चिकटवायचा की शिवायचा?

"डर्बी काहून नाई?" एकदा त्याने विचारलं.

"डर्बीच्या लेसच्या पट्ट्या मोकळ्या उघडतात. ऑक्सफर्डच्या खालून शिवलेल्या असतात."

"म्हंजे तुमच्यासारख्या... मनातलं उघडूनच देत नाई!"

ती लाजली आणि रात्रभर स्वतःला बोल लावत राहिली. होणारा नवरा दुसरीचा, आणि आपण त्याच्या एसटीची वाट पाहतो? लाजेने ती अर्धी झाली. पातूरचं स्थळ सांगून आलं, तेव्हा तिने धड पाहिलंही नाही. हो म्हणून मोकळी झाली. रविवारी साक्षगंध उरकलं, बोटात अंगठी आली.

सोमवारी कुलदीप जोडे न्यायला आला.

"गाठीसाठी जागा ठेवली आहे. लग्नात पाय दुखणार नाई तुमचा."

"माहा पाय?" तो खदखदून हसला. "दादाचं लग्न आहे! त्याचा नि माहा नंबर एकच. त्याले कुठची गाठ!"

"मग... सांगतलं काहून नाई?"

"दारातूनच तुमाले पाह्यलं, अन् दादाचं नाव तोंडात आलंच नाई. दादासाठी म्हटलं असतं, तं तुमी मापाले दादालेच बोलावलं असतं. मी कोन्या बहाण्यानं आलो असतो?" त्याचा आवाज उतरला. "आज सांगाचंच होतं, रागिणी. मले तुमी..."

तिने हात पदराखाली घेतला. पण अंगठी त्याला दिसली होती.

कुलदीपने खोक्याचं झाकण लावलं.

"चांगला आहे काय तो?"

"चांगला आहे. तेच तं... त्यानं कोनाचं काय वाईट केलं, मोडाले?"

कुलदीपने खोका उचलला. दारापाशी थबकला, वळला मात्र नाही.

"दादाले ढिले होतीन," एवढंच म्हणाला, आणि गेला.

महादेवराव आतून आले. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"बाई, नवरदेवाचे जोडे आपल्यालेच द्या लागते. पातूरच्या पाव्हण्याचं माप एवढंच आहे. हाच फरमा घे, ते चकती तेवढी काढून टाक."

रागिणीने सुरी घेतली. चकती निघेना. डोळ्यांतलं पाणी पुशीत ती खरवडत राहिली. संध्याकाळपर्यंत फरमा कोणाच्याही पायाचा झाला होता.