वाढत्या अंगाचा झगा

माझ्या गोष्टींतल्या निम्म्या खोट्या असतात. मी स्वतःच कबूल करतो.

ही त्या निम्म्यातली नाही.

रात्रसुद्धा नव्हती. मंगळवार होता, भर दुपारचा एक वाजला होता आणि मी पूर्ण शुद्धीत होतो.

बसथांब्यामागच्या बोळात, तीन पायऱ्या उतरून माझं शिंप्याचं दुकान. दोन मशिनं, एक इस्त्री, एक उभा आरसा. मागं पडद्याआड माझी जेवायची जागा. दाराला आतून कडी घातली की आत यायला दुसरी वाट नाही. हे लक्षात ठेवा.

आता माझी कला सांगतो. मी वय शिवायचो.

लग्नाच्या नोंदणीच्या कागदावर मुलीचं वय अठरा लिहिलेलं असायचं. पण कचेरीतला कारकून एकदा मान वर करून मुलीकडे बघायचा. त्या एका नजरेसाठी लोक माझ्याकडे यायचे. खांद्यांत गादी, छातीत कापूस, खाली पायघोळ घेर, म्हणजे उंच टाचा झाकल्या जातात. तेरा वर्षांची पोर माझ्या दुकानातून अठराची होऊन बाहेर पडायची.

मला त्याचा गर्व होता. खोटं कशाला बोलू?

चार वर्षांपूर्वी एक गवंडी त्याच्या थोरलीला घेऊन आला. तेरा वर्षांची. मी माप घेतलं. खांदा तेरा इंच. सीट, म्हणजे कमरेखालचा घेर, अठ्ठावीस.

पोर आरशात बघत हळूच म्हणाली, "आजोबा, वाढत्या अंगाचा शिवा ना. शाळेचा गणवेश आई तसाच शिवून घेते."

मला हसू आलं. मी खालच्या दुमडीत चार बोटं कापड जास्त ठेवलं. "घे बाई. वाढ किती वाढायचं ते."

तिला वाढायला एक वर्षही मिळालं नाही.

हे मला दवाखान्यातल्या नर्सबाईंनी सांगितलं. त्यांचे एप्रन मीच शिवतो.

"महिनाभर पाय सुजलेले, डोकं दुखतंय म्हणत होती. सासू म्हणे, पहिलटकरणीला होतंच. झटके यायला लागले तेव्हा आमच्याकडे आणली. तोवर दोन दिवस कळा देऊन झाल्या होत्या. बाळाला वाटच नव्हती, मास्तर. तिची स्वतःची हाडं अजून वाढत होती. दोघंही गेली."

मी टेप गुंडाळत राहिलो.

"सीटचं माप तुम्हीच घेतलं होतं ना? तुम्हाला कळलं नाही?"

मी म्हणालो, "बाई, एप्रनला खिसे दोन की तीन?"

तर... तो मंगळवार.

गवंडी पुन्हा पायऱ्या उतरला. हातात थोरलीचा तोच झगा. मागं धाकटी, बारा वर्षांची, नखं खात उभी. बायको वरच्या पायरीवरच थांबली. ती आत आलीच नाही.

"लहान करून द्या. शुक्रवारी कचेरीत जायचंय."

"अरे, थोरलीचं एवढं झालं..."

"तिचं नशीब. तुम्ही शिंपी आहात का वकील?"

"चार-सहा वर्षं थांब की."

"थांबतो. तुम्ही राखण करा हिची. मी उजाडायच्या आत कामावर, ही बाई लोकांची धुणी धुवायला. शाळेच्या वाटेवर टवाळ पोरं. उद्या काही झालं तर गल्ली तुम्हाला बोलणार नाही मास्तर, मला बोलेल. नवऱ्याच्या घरी गेली की मी सुटलो."

मी नाही म्हणालो तर पलीकडचा शिंपी हो म्हणेल. असं मी स्वतःला सांगितलं आणि झगा घेतला.

दोन्ही बाजू दाबून शिवल्या. कडी घातली. पडद्यामागं जेवायला बसलो.

टक्...

पन्नास वर्षं या धंद्यात काढलीत. शिवण उसवताना टाका तुटतो तो आवाज मला झोपेतही कळतो.

टक्... टक्... टक्...

"कोण आहे?"

आवाज थांबला.

बाहेर आलो. कडी आतून तशीच. झगा टेबलावर. सगळी शिवण उसवलेली.

खाली दोऱ्याचा एक तुकडा नाही. आणखी एक... शिवण उसवली की कापडाला सुईची भोकं राहतात. कितीही इस्त्री फिरवा, दिसतातच. इथं एकही भोक नव्हतं.

जणू मी शिवलंच नव्हतं.

बुधवारी दुहेरी दोऱ्यानं शिवला. एक वाजला...

टक्... टक्...

या वेळी मी टेप काढून मोजलं. खांदा पंधरा. सीट सदतीस. लांबीसुद्धा वाढलेली. दुमडीतलं चार बोटं कापड केव्हाच संपलं होतं, त्याखाली आणखी कापड होतं. तेच कापड. ते मी दिलं नव्हतं.

थोरली जगली असती तर आता सतरा वर्षांची असती.

तिचं वाढणं थांबलं नव्हतं.

गुरुवारी मी जेवलो नाही. झग्यासमोर स्टूल टाकून बसलो. म्हटलं, बघूच.

एक वाजला.

काही नाही. बोळातले आवाजसुद्धा नाहीत.

मग... माझ्या गळ्यातला टेप सरकला.

आधी एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत ताणला गेला. मग छातीभोवती फिरला. मग पोटाभोवती... सावकाश, नवखा माणूस घेतो तसा. मला वाटलं, आता गळा आवळणार.

आवळला नाही. माप घेतलं आणि सोडून दिलं.

आता तुम्हाला वाटेल, म्हातारा सुधारला असेल. छे. मला एवढंच कळलं की हा झगा माझ्या दुकानातून बाहेर जायला हवा. त्या दिवशी मी तोच झगा धाकटीच्या मापाला तिहेरी दोऱ्यानं शिवला, गाद्या भरल्या, कापूस भरला आणि शुक्रवारी सकाळी गवंड्याच्या हातात दिला.

पुढचं त्याच्या बायकोनं सांगितलं. संध्याकाळी ती पहिल्यांदा तिन्ही पायऱ्या उतरून आत आली.

"कारकुनानं मान वर केली, मास्तर, आणि टक् असा आवाज झाला. एकच. सगळी शिवण एकदम सुटली. कापूस खाली, गाद्या खाली. चाळीस माणसांत पोर शाळेच्या शमीजवर उभी, पायात त्या उंच टाचा. कोणीतरी हसलं. मग कोणीच हसेना. कारकून म्हणाला, वय काय तुझं? ती म्हणाली, बारा."

"मग?"

"मग काय. कागद फाडले. पोलीस घरी येऊन गेले. सोमवारपासून ती शाळेत जाईल. मी सोडीन, मीच आणीन. धुणी गेली खड्ड्यात."

तेवढ्यात गवंडी आला. झगा माझ्या तोंडावर फेकला.

"मुद्दाम कच्चे टाके घातलेस, थेरड्या."

ही गोष्ट खोटी असती तर मी इथं हो म्हणालो असतो. खोट्या गोष्टींत मी नेहमी चांगला दिसतो.

पण मी तिहेरी दोरा घातला होता.

तेव्हापासून वय शिवणं बंद. झगा खुंटीवर आहे. दोनदा बसमध्ये सोडून आलो. दोन्ही वेळा दुकान उघडलं तर खुंटीवर. रोज दुपारी एक वाजता मी पडद्यामागं बसतो, आणि आवाज येतो. आता उसवण्याचा नाही...

शिवण्याचा.

मागच्या आठवड्यात धीर करून मोजलं.

खांदा साडेअठरा. डावा खांदा उजव्यापेक्षा इंचभर खाली उतरलेला. पन्नास वर्षं मशिनवर वाकून असा खांदा होतो. या बोळात तसा एकच आहे, आणि तो घेऊन मी हे लिहितोय.

बाकी मापंही माझीच. फक्त पोटावर चुण्या घालून जागा सोडली आहे. नऊ महिन्यांच्या बाईला सोडतात तेवढी.

वाढत्या अंगाचा शिवलाय.

हसा. मीसुद्धा हसलो होतो.

पण कालपासून माझ्या विजारीचं वरचं बटण लागत नाही...