तिसरी हाक

जेवणं उरकली होती, वीज गेलेली. सलिल आणि आर्या, दोघं नातवंडं, पडवीत अण्णांना चिकटून बसली.

"ही ऐकीव गोष्ट नाही हं," अण्णा म्हणाले. "सखाराम मास्तर माझा शेजारी. त्याला साधी थापसुद्धा धड मारता यायची नाही." आणि ते सांगू लागले.

गेल्या वर्षीची वैशाख वद्य दशमी. सोमवार, रात्रीचे सव्वाआठ. सखाराम बागेतल्या नव्या कलमांचा पंप बंद करायला निघाला. वाट देवराईच्या कडेने जाते. नऊ महिने त्याने ती टाळली होती, पण त्या दिवशी गडी आला नाही, मग करतो काय?

त्याआधी त्याचा आणि त्याच्या बायकोचा, उमाचा, निम्मा जीव त्या राईत असायचा. चैत्रात करवंदं, पावसाळ्यात भरून वाहणारा पऱ्या, थंडीत वाळक्या पानांवर नुसतं बसून राहणं. गाव हसायचं, म्हातारपणी यांना राईचं वेड लागलंय म्हणून. हसू दे. असं सुख किती जणांच्या वाट्याला येतं?

सखाराम दाभोळचा, शाळेत नोकरीला म्हणून इथे आलेला. उमा इथलीच. लग्न झाल्या झाल्या तिनेच त्याला बजावलं होतं, "काळोखात राईत कुणी हाक मारली तर लगेच ओ देऊ नका हां. तीन हाका होऊ द्या. माणूस असेल तर तिसरी मारतो. भूत मारत नाही."

गेल्याच्या गेल्या श्रावणात दोघं अळंबी शोधायला गेली. पावसाने लवकर अंधारलं. ती पऱ्याकडे उतरली, हा वरच्या अंगाला राहिला. खालून हाक आली, "अहो..." सखारामने मनात मोजलं, एक. परत आली, "अहो..." दोन. तो तिसरीची वाट बघत उभा राहिला.

तिसरी आलीच नाही. उमा सकाळी पऱ्यात सापडली. तेव्हापासून बिचाऱ्याला धड झोप नव्हती.

तर त्या सोमवारी तो राईपाशी आला. वारा नाही. पान हलत नव्हतं.

"अहो..."

सखारामने मोजलं नाही.

"ओ... आलो गो, आलो."

तो आत धावला. बॅटरी विझली. समोर कुणी नाही. पायाखालची पानं वाजेनाशी झाली.

"मी मोजत बसलो गो, उमा... तूच सांगितलं होतंस ना..."





अण्णा थांबले. आर्याने हळूच विचारलं, "मग? उमाआजी दिसली त्यांना?"

"त्याने सांगितलं नाही. मी विचारलं नाही. पहाटे मीच शोधत गेलो. पऱ्याच्या काठी बसला होता, रडून रडून शांत झालेला. पऱ्या शिमग्यापासूनच आटलेला, दगड नुसते कोरडे ठणठणीत. मी त्याला उठवलं. डावा हात कोरडा होता. उजव्याची बोटं मात्र पांढरी पडून सुरकुतलेली... रात्रभर पाण्यात कुणी धरून ठेवल्यासारखी."