एकच बेडूक

उन्हाळ्यात मिरजगावची शाळा सकाळची असायची. सातला घंटा, अकराला सुट्टी. पण त्र्याहत्तरच्या त्या दुष्काळात सुट्टी नावालाच होती. खडी फोडायच्या कामावरल्या मजुरांना सुकडीचं सरकारी पीठ वाटायचं काम शिक्षकांच्याच गळ्यात पडलं होतं. तीन वाजता तिथं उभं राहायचं ते दिवस मावळेपर्यंत. त्यामुळं पुष्पावतीच्या वाट्याला स्वतःचा म्हणून वेळ यायचा तो दुपारी एक ते अडीच. अडीच वर्षांची बेबी तेवढ्या वेळात झोपायची, आणि पुष्पावती शेणानं सारवलेल्या जमिनीवर पुस्तक उघडून बसायची.

इंटर सायन्सच्या टर्म्स तिनं भरल्या होत्या. परीक्षेच्या वेळी बेबी पोटात होती. पुढं शाळेतली नोकरी मिळाली आणि पुस्तकं ट्रंकेत गेली. ती बाहेर काढली तिच्या नवऱ्यानं. नगरला एसटीच्या वर्कशॉपात होता राधाकृष्ण, शनिवारी यायचा. "औंदा बसली नाहीस तर टर्म्स बाद होतील," तो म्हणाला. "मग मेडिकलचं नाव काढू नको. मीही नाही काढणार."

लेखी पेपरांची तिला धास्ती नव्हती. धास्ती होती ती बेडकाची. प्रॅक्टिकलला बेडूक कापून हृदय आणि शिरा स्वच्छ उघड्या करून दाखवायच्या. कॉलेजात तिनं दोनदा कापला होता, आणि दोन्ही वेळा पोटाच्या मधोमध जाणारी शीर तुटून सगळं रक्तात बुडालं होतं. हात बसायला सराव हवा. पण ज्या गावात माणसांना टँकरचं पाणी, तिथं बेडूक आणायचा कुठून?

"पुष्पाबाई," हेडमास्तर भिमाजी गुरुजी म्हणायचे, "डॉक्टर झालात की आमचा गुडघा पहिला बघा. तोवर दुसरीच्या पोरांचे पाढे बघा."

शाळा झाडणाऱ्या झुंबरबाईंना मात्र तिची दया आली. तळ खोदायला काढलेल्या एका विहिरीच्या कपारीतून त्यांनी एक बेडूक आणला, ओल्या फडक्यात गुंडाळून.

"गावात येवढा येकच उरलाय म्हनं. आखाडात धोंडी निघंल तवा लागंल. लिंबाच्या डहाळीला बांधून दारोदार फिरवायला बेडूकच न्हाई म्हनल्यावर पाऊस तरी कसा यील? तवर तुमच्यापाशी ठिवा. पर जित्ता परत द्या बाई."

"फक्त बघायचाय हो," पुष्पावती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बेबी झोपल्यावर तिनं दार लावलं. पत्र्याच्या झाकणात मेण ओतून ट्रे केला होता. टाचण्यांऐवजी बाभळीचे काटे. राधाकृष्णनं आणलेल्या क्लोरोफॉर्मचे थेंब बोळ्यावर टाकून तिनं बेडूक निपचित केला, उताणा करून चार पायांत चार काटे टोचले आणि कात्री लावली. अर्ध्यावर आली नि बेबीनं झोपेत "आई" म्हणून हाक मारली. हात हलला. शीर तुटली.

संध्याकाळी घराच्या मागं, लिंबाखाली, तिनं त्याला हातभर खोल पुरलं. झुंबरबाईंना काय सांगायचं ते ठरवून टाकलं: उडी मारून गेला.

सकाळी माठाखालच्या ओल्या वाळूत बेडूक बसला होता.

दुसराच असेल. ओल धरून आला असेल. तिनं उचलून उलटा केला. पांढऱ्या पोटावर दोऱ्यासारखी बारीक रेघ होती, कधीच भरून आलेली. सरळ वर जाणारी, आणि अर्ध्यावर एकाएकी डावीकडं हिसकलेली.

जुनी जखम असेल, तिनं स्वतःला समजावलं. दगड लागला असेल. मग ती लिंबाखाली गेली आणि खुरप्यानं उकरलं. वरची माती कालच्यासारखीच दाबलेली होती. खाली काही नव्हतं.

शाळेत पाढे घेताना ती दोनदा चुकली. पण एक वाजला, बेबी झोपली, आणि परीक्षेला पंचवीस दिवस उरले होते.

त्या दिवशी तिनं पुरल्यावर वर पाटा ठेवला. सकाळी पाटा जागच्या जागी होता, आणि माठाखाली बेडूक. पोटावर दोन रेघा.

त्यानंतर तिनं पुरणं सोडलं. काम झालं की कातडीच्या कडा बोटानं जुळवायची आणि त्याला ओल्या वाळूत ठेवून वर फडकं टाकायची. सकाळी फडकं बाजूला असायचं. कोणाला सांगावं, तर सांगायचं काय? राधाकृष्ण शनिवारी आला तेव्हा तिनं एवढंच सांगितलं, "हात बसतोय."

खरंच बसत होता. ती मधली शीर सोडून बाजूनं कापायला शिकली. हृदयाचे तीन कप्पे धुतलेल्या भांड्यासारखे स्वच्छ दिसू लागले. कापताना ती हळू आवाजात बोलायची, बेबीचे गुंतलेले केस विंचरताना बोलायची तसं. "झालं हं. झालंच. एवढंच राहिलं." बेबी एकदा जागी झाली, जवळ येऊन बसली, वाकून पाहत राहिली. घाबरली नाही.

"बाऊ झाला?" तिनं विचारलं.

"उद्या बरा होतो," पुष्पावती म्हणाली, आणि आपण हे किती सहज बोललो ते तिला जरा वेळानं जाणवलं.

"हाय नव्हं बेडूक?" झुंबरबाई अधूनमधून विचारायच्या.

"आहे ना."

"जित्ता?"

"जिवंत आहे."

परीक्षेला चार दिवस असताना क्लोरोफॉर्मची बाटली संपली. पुष्पावतीनं कात्री धुऊन ट्रंकेत टाकली. शुद्धीवर असलेल्या जिवाला ती कापणार नव्हती. तिनं बेडूक हातात घेतला. त्याचं पोट दुरेघी वहीसारखं झालं होतं. शेवटच्या रेघा इतक्या सरळ की उजेडाकडं धरल्याशिवाय दिसत नव्हत्या.

नगरला प्रॅक्टिकलच्या टेबलावर तिला दुसरा बेडूक मिळाला, धरणाकडून आणलेला. तिनं अर्ध्या तासात काम केलं. एक थेंब रक्त नाही. परीक्षक वाकून बराच वेळ पाहत होते.

"हात चांगला आहे. घरी किती बेडूक कापलेत?"

"एकच, सर."

ते हसले आणि मार्क लिहून पुढं गेले.

पुष्पावती ट्रेपाशी उभी राहिली. तो बेडूक मेलेला होता. नीट, पुरता मेलेला. तिनं बोटानं त्याच्या कातडीच्या कडा जुळवल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती झुंबरबाईंबरोबर त्याच विहिरीवर गेली. बेबी कडेवर, हातात ओल्या फडक्याचं गाठोडं. तळाशी गढूळ पाणी साचलं होतं. दोघी पायऱ्या उतरल्या; आखाडापर्यंत बेडकानं इथंच राहायचं, असं झुंबरबाईंनी ठरवलं होतं.

"मला वाटलं हुतं मारून टाकताय," झुंबरबाई म्हणाल्या. "शिकलेल्या मानसांचा काय भरोसा."

पुष्पावतीनं गाठोडं सोडलं. तिनं बेडूक पाण्याकाठच्या दगडावर ठेवला.

"जा," ती म्हणाली. "झालं आता."

तो हलला नाही.

"जाईल त्येचा त्यो," झुंबरबाई म्हणाल्या.

पाणी वीतभर अंतरावर होतं. बेडकानं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

तो हळूच कलला आणि उताणा झाला.

अंघोळीआधी झबलं काढून घ्यायला बेबी हात वर करते, तसे त्यानं आपले चारही पाय एकेक करून लांबवले, काटे टोचताना ती लांबवायची तेवढे, आणि पोट वर करून शांत पडून राहिला.