सहा नंबरच्या रेच्यामागं

ही ऐकीव गोष्ट नाही. मी तिथं होतो, आणि यात माझाही दोष आहे. कोणाला खोटी वाटली तर वाटू द्या.

साल १९७४. पौष महिना. तेव्हा वाशीम अकोला जिल्ह्यात होतं. मंगरुळपीरच्या बाहेर एक जिन होतं, कापसातून सरकी काढायचा कारखाना. नाव सांगत नाही. मी आसेगावचा, तिथं यंत्रांना तेल द्यायचो. बाया रेच्यात, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रात, कापूस घालायच्या. पुढून रुई निघायची, खाली सरकी पडायची. ती सरकी ओढायला त्यांना पार रेचा फिरवणाऱ्या पट्ट्याजवळ वाकावं लागे. म्हणून पट्ट्यावर लोखंडी जाळी असायची.

सहा नंबरची जाळी मी काढून ठेवली होती. दर वेळी तेल द्यायला चार बोल्ट खोलावे लागत. मुकादम माणिकराव म्हणाला, "राहू दे नानाजी. सीझन सरला का बसवजो."

आठ दिवसांत सहा नंबरवर बसणाऱ्या कस्तुराबाईचा पदर पट्ट्यात गेला.

तिला ओरडायलासुद्धा वेळ मिळाला नाही...

अकोल्याहून चौकशीचे साहेब आले. ते यायच्या आधी जाळी बसली. ते गेल्यावर पुन्हा निघाली. साहेबांनी माझी जबानी लिहिली. त्यांनी वाचून दाखवली नाही, मी विचारलं नाही. अंगठा दिला.

मग सगळे म्हणू लागले, यंत्रानं बाई मागून घेतली. माणिकरावानं रेच्याला शेंदूर लावला, नारळ फोडला, ओटी भरली. जिथं जाळी हवी होती, तिथं हिरवा खण बांधला.

सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले.

सहा नंबरवर बसायला कोणी तयार होईना. माणिकरावानं माझ्या बायकोला बसवलं. सोजरबाईला. नाही म्हटलं असतं तर दोघांचंही काम गेलं असतं.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "अवो, मांगून कोणी पदर ओढून राह्यलं."

"तुह्या मांगं भिंत हाय. भिंतीले काय हौस आली का?"

ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारची सुट्टी झाली. इंजिन बंद. बाया बाहेर लिंबाखाली भाकर खात होत्या. मी एकटा आत तेलाचा डबा घेऊन.

आणि सहा नंबरच्या मागून... किण्... किण्...

काचेच्या बांगड्या.

मी मागं जाऊन पाहिलं. कोणी नव्हतं. खाली सरकीचा ढीग. त्यावर माणूस उठून गेल्यावर पडतो तसा खळगा.

इंजिन चालू झाल्यावर मी मुद्दाम तिथं उभा राहिलो. सोजरबाई सरकी ओढायला वाकली, आणि तिच्या पदराचं टोक भिंतीकडे ताणलं गेलं... चिमटीत धरल्यासारखं.

धरणारं कोणी नव्हतं.

सोजरबाईला ताप भरला. "थे कस्तुराबाई मले नेऊन राह्यली. मले इथून काढा."

मी माणिकरावाकडे गेलो. तो म्हणाला, "गोविंदा भगताले आणतो."

"आन जाळी?"

"भुताले जाळी अडवते का बे?"

बाकीचे हसले. मीही हसलो. ते हसणं मला अजून आठवतं.

गोविंदानं लिंबू कापलं आणि सहा नंबरमागच्या भिंतीत वीतभर खिळा ठोकला. "बांधली. आता हालत नाही."

खरंच, त्या दिवसापासून सगळं बंद झालं. बांगड्या नाहीत. ओढणं नाही. सोजरबाई पुन्हा जेवू लागली, रेच्यावर गुणगुणू लागली.

पाचव्या दिवशी मी इंजिनाजवळ होतो. पट्टा एकदम कण्हल्यासारखा वाजला...

इंजिन बंद करायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात सोजरबाईचा पदर आत गेला होता.

तिला जीपमध्ये घातलं. डोकं माझ्या मांडीवर. वाशीमच्या अलीकडे तिनं डोळे उघडले.

"अवो... आज मांगून कोणी ओढलंच नाही..."

पुढं ती बोलली नाही.

तेव्हा मला कळलं. कस्तुराबाई तिला नेत नव्हती. वाकली की मागं खेचत होती. जाळीचं काम ती करत होती. आणि आम्ही तिला खिळ्यानं बांधली.

पुन्हा तेच साहेब आले. मी म्हटलं, "साहेब, जाळी म्याच काढली. मुकादम म्हणे, राहू दे."

लेखणी थांबली. मागून माणिकराव म्हणाला, "बायको गेली त्याची. डोसकं ठिकाणावर नाही." साहेबांनी मान हलवली आणि भराभर काहीतरी लिहिलं. मी अंगठा दिला नाही. दुसऱ्या कोणी दिला असेल. पुढं मी अक्षरं शिकलो ती तो कागद वाचायला. कागद मिळाला नाही.

त्या दिवशी साहेब गेल्यावर मी दहाही रेच्यांच्या जाळ्या पक्क्या बसवल्या. बोल्टांची डोकी हातोड्यानं ठेचली, पाना लागायलाच नको. तेल देणं अवघड झालं म्हणून माणिकरावानं शिव्या दिल्या आणि मला काढून टाकलं.

निघण्याआधी पकडीनं भिंतीतला खिळा उपटला. आतून गार वारा आला... तो कुठून आला, सांगता येत नाही. पलीकडे वारा येण्यासारखं काही नव्हतं, गच्च भरलेलं रुईचं गोदाम होतं.

मी गमछ्याचं टोक भिंतीकडे धरलं. "कस्तुराबाई, चुकलो," म्हटलं. सोजरबाईला हाक मारली.

दोघींचा पदर तिथंच गेला होता. एकीनं तरी गमछा ओढायचा.

मी बराच वेळ उभा होतो. गमछा कोणी ओढला नाही.