लांबच्या प्रिंटरची फेरी

उन्नतीची आणि त्याची पहिली टक्कर झाली ती प्रिंटरपाशी. अडकलेला कागद दोघांनी एकदमच ओढला आणि... अर्धा अर्धा दोघांच्या हातात आला. "सॉरी," म्हणून तो हसला. झालं! बाईसाहेबांचं कामातलं लक्ष उडालंच.

तो म्हणजे अनिमेष. नारपोलीतल्या या गोदामाच्या ऑफिसात त्याला हेड ऑफिसने पाठवलं होतं — प्रत्येक कामाची एक ठरलेली, सुटसुटीत पद्धत बसवायला. फुकटची धावपळ दिसली की काढून टाकायची, हेच त्याचं काम. आणि मालाचे गेटपास काढणारी ही खारबावची पोर शेजारचा प्रिंटर सोडून मुद्दाम लांबच्या प्रिंटरकडे जायला लागली, का तर वाटेत त्याचं टेबल! जाताना ओढणी सावरायची, येताना हळूच एक नजर... बाजूच्या कापड विणणाऱ्या लूमची खटखटसुद्धा तिला ऐकू यायची नाही. नुसती तरंगत असायची.

एका दुपारी त्याने तिच्यासमोर ऑफिसचा नकाशा ठेवला. तिचं दिवसभराचं चालणं त्याने पेन्सिलने आखलं होतं. सगळ्या रेघा त्याच्याच टेबलापाशी दाट.

"ही फेरी कशाला हो? जवळच प्रिंटर आहे."

"त्याची छपाई... फिकट येते."

"मी पाहिली. झकास येते."

"मग काढून टाका फेरी!" ती फणकारली खरी. फेरी गेली की भेट गेली, आणि शनिवारी हा पुण्याला परत.

"काढावीच लागेल," तो खाली बघत म्हणाला. "कामात खोटं नाही लिहिता येत मला."

शुक्रवारी नवी पद्धत भिंतीवर लागली. फेरी गायब! मेल्याला काळीज म्हणून नाही. उन्नतीने जवळच्या प्रिंटरचं बटण इतक्या रागाने दाबलं, की शेजारच्या टेबलावरची वैशाली खुसखुसली, "अगं, त्याचा बिचाऱ्याचा काय दोष?"

मान वर केली, तर समोर अनिमेष. कानाच्या पाळ्या लाल.

"रोज तुम्हीच का चालायचं? आता मी येतो ना... रविवारी खारबावला येऊ? तुमच्या घरी?"

"आई विचारेल, कशाला आलात म्हणून."

"सांगेन, तुमच्या मुलीवर जीव जडलाय."

"आनि मी न्हाय म्हटलं तर?" गडबडली की तिच्या तोंडी घरची बोली यायची.

"तर पुढच्या रविवारी परत येईन."

"नको," ती म्हणाली. डोळे भरले होते आणि हसू काही आवरत नव्हतं. "एकदाच या... येताना तुमच्या आईबाबांना घेऊनच या."