आत बोलावलेली मुलगी

कँडीची वाटणी झाली असेल तर इकडे या. आर्य, तू बेसमेंटचा दिवा राहू दे, पण वर जाऊन पोर्चचा बंद करून ये. हसू नकोस. आधी बंद कर, मग सांगतो.

झाला? बस.

हे माझ्या एका तरुण मित्राच्या घरी घडलं. संग्रामच्या. तुम्हाला तो माहीत आहे, आपल्या मंडळाच्या स्टेजची वायरिंग करतो तो. मी इंजिनिअर माणूस. चाळीस वर्षं आकड्यांवर विश्वास ठेवला, भुताखेतांवर नाही. पण यातलं निम्मं मी स्वतः पाहिलंय, त्यामुळे माझा नाइलाज आहे.

तारीख एकतीस ऑक्टोबर, दोन हजार बावीस. हॅलोविनच. सोमवार होता. दिवाळी होऊन आठवडा झालेला. हिमानी, म्हणजे संग्रामची बायको, ऑफिसच्या कामाने एडिसनला गेली होती. त्यामुळे लेकीला, इलाला, दारोदार ट्रिक-ऑर-ट्रीटला न्यायचं काम संग्रामवर आलं. इला तेव्हा सहा वर्षांची, मधमाशीचं सोंग घेतलं होतं तिने. घरी कँडी वाटायला पद्मिनीताई राहिल्या. हिमानीच्या आई. नागपूरहून अमेरिकेत येऊन त्यांना पाच महिने झाले होते.

त्या पाच महिन्यांबद्दल थोडं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातून आलंय. ताईंना इंग्लिश जेमतेम येई. त्या इलाशी मराठीत बोलायच्या, इला इंग्लिशमध्ये उत्तर द्यायची. वाईट नव्हती पोर, तुमच्यासारखीच होती. पण ताई तुमच्या नीलांबरीकाकूजवळ एकदा म्हणाल्या होत्या, नातीशी बोलायला आले आणि दिवसभर भिंतींशी बोलते.

तर निघताना संग्रामने त्यांना सगळं समजावलं. दिवा चालू असला की मुलं येतात. कंटाळलात की पोर्चचा दिवा बंद करा, मग कोणी बेल वाजवत नाही. तो इथला नियम आहे, सगळे पाळतात. ताईंनी मान डोलावली. पण त्यांचा स्वतःचाही एक नियम होता. उंबऱ्यावरून काही देऊ नये, घेऊ नये. त्यामुळे मुलं आली की त्या कँडीचं पातेलं घेऊन उंबरा ओलांडायच्या, बाहेर उभं राहून प्रत्येकाच्या हातात द्यायच्या आणि परत आत. इथे अल्फारेटात तेव्हा चांगला गारठा पडला होता आणि त्यांचे गुडघे दुखायचे. तरी पन्नासेक वेळा त्यांनी आत-बाहेर केलं असेल.

आठ वाजता त्यांनी दिवा बंद केला. पोर्चचा. पण दिवाळीचा आकाशकंदील? तो त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत लावायचा असतो. तो चालूच राहिला. त्यांच्या मनातही आलं नाही की तोसुद्धा दिवाच आहे.

आठ वाजून सात मिनिटांनी संग्रामच्या फोनवर बेल वाजल्याचं आलं. दाराला कॅमेरा होता ना. त्या वेळी तो आणि इला माझ्याच ड्राइव्हवेवर उभे होते, मी इलाच्या बादलीत चॉकलेट टाकत होतो. संग्रामने सहज क्लिप उघडली आणि मला म्हणाला, काका, हे बघा जरा.

दार उघडतं. ताई दिसतात. खाली बघून हसतात, काहीतरी विचारतात. मग बाजूला सरकतात आणि हाताने खुणावतात, आत ये. दार बंद होतं.

समोर कोणीच नव्हतं.

आम्ही परत पाहिली. पोर्च रिकामा. कंदिलाचा उजेड आणि रिकामा पोर्च. संग्रामने फोन लावला, स्पीकरवर टाकला. कोण आलं होतं, त्याने विचारलं.

"आलं होतं काय, बसली आहे की इथे," ताई म्हणाल्या. आवाज इतका खूश होता. "गोड पोट्टी आहे. परकर-पोलकं घालून आली. पायात चपलासुद्धा नाहीत बिचारीच्या. माझे गुडघे दुखत होते, म्हणून म्हटलं, आतच ये. आणि संग्राम, मराठी बोलते हो. स्वच्छ."

संग्रामने विचारलं, कुणाची मुलगी?

"थांब, विचारते."

त्यांचा प्रश्न आम्हाला ऐकू आला. मग काहीच नाही... मग त्यांचं हसणं. पुन्हा प्रश्न. पुन्हा शांतता. उत्तराएवढी शांतता.

"सांगत नाही," त्या म्हणाल्या. "इलाची वाट बघतेय. म्हणते, इला आली की दोघी जाऊ."

संग्रामने इलाचा हात इतका घट्ट धरला की ती ओरडली. त्याने तिला उचलून माझ्या घरात नेलं, नीलांबरीच्या मांडीवर बसवलं आणि सांगितलं, मी येईपर्यंत हिला दाराबाहेर काढायचं नाही. मला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. पण म्हातारी बाई तिथे एकटी होती. मी त्याच्याबरोबर गेलो.

रस्त्यावर मुलं संपली होती. सगळ्यांचे दिवे बंद. एक कंदील तेवढा...

दार लोटलेलं होतं. ताई खुर्चीत बसल्या होत्या. समोर सोफा. सोफ्यासमोर बशी, बशीत चकली आणि करंजी. हात न लावलेली.

सोफ्यावर कोणी नव्हतं. पण एका जागी गादी दबलेली होती.

"इला कुठे आहे?" ताईंनी विचारलं. "ही विचारतेय."

संग्राम म्हणाला, इला आज येणार नाही.

ताईंनी सोफ्याकडे कान दिला. त्यांचं हसू कमी झालं. "म्हणते... मग मी थांबते."

आम्हा दोघांना कुठे बघायचं तेच कळत नव्हतं. आणि ते ताईंच्या लक्षात आलं. आमची नजर त्या सोफ्यावर कुठेच टेकत नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. संग्रामकडे पाहिलं. मग हळूच... समोर.

त्या ओरडल्या नाहीत. उठल्या. बशी उचलली. बशीत चकल्या वाजत होत्या. त्या उंबरा ओलांडून बाहेर गेल्या, पायरीवर बशी ठेवली.

"चल बाळ. बाहेर देते."

काही नाही.

काही नाही.

मग गादी वर आली. हळू.

माझ्या पायांजवळून गार काहीतरी गेलं. बाहेर वारा नव्हता. कंदील एकदा हलला.

संपलं, असं वाटलं मला. खरंच वाटलं. ताई आत आल्या, दाराला हात लावला, अंधारात बघत राहिल्या. डोळे भरले होते त्यांचे. आणि जन्मभराची सवय म्हणा, की पाच महिन्यांत पहिल्यांदा एक पोर त्यांच्याशी बोललं होतं म्हणून म्हणा...

"पुन्हा ये हं," त्या म्हणाल्या.

संग्रामने डोळे मिटले. ताईंनी तोंडावर हात ठेवला, पण शब्द गेला होता. आम्ही कंदील बंद केला. रात्री सगळे माझ्याकडेच झोपले. इला शांत झोपली होती, गाढ.

सकाळी मीच त्यांना घरी सोडलं. संग्रामने कुलूप उघडलं, ताई आत गेल्या. इला गाडीतून उतरली, अनवाणी. बूट माझ्या घरी राहिले होते. ती पोर्चवर आली आणि उंबऱ्याशी थांबली. स्वतःच्या घराच्या उंबऱ्याशी. आणि म्हणाली, स्वच्छ मराठीत,

"आजी, आत येऊ?"

ताई वळल्या. त्यांनी इलाच्या अनवाणी पायांकडे पाहिलं. पाच महिने त्या हेच ऐकायला तरसल्या होत्या.

"ये," त्या म्हणाल्या.

बस, एवढंच. ताई पुढच्या आठवड्यात नागपूरला गेल्या. मंडळात आता सगळे इलाच्या मराठीचं कौतुक करतात, हिमानीला विचारतात, कसं शिकवलंस. मुलं शिकतात, त्यात काय. मी मनाला तसंच सांगतो.

रुही, तुझ्याच वर्गात आहे ना ती?

"काका," रुही म्हणाली, "ती आमच्याकडे येते ना... दार उघडं असलं तरी बाहेरच उभी राहते. ऑलवेज. मॉम 'ये' म्हणेपर्यंत."