मागचं टोक

या डोंगराला नव्याण्णव शिखरं आहेत, आणि प्रत्येक शिखरावरचं भूत मी नावानिशी ओळखतो. हसू नका रे. बरं, हसा. निम्मी भुतं मीच चादर पांघरून उभी केलेली आहेत. एकदा तर चादरीत पाय अडकून मठाच्या सोनखताच्या खड्ड्यात पडलो. त्या रात्री डोंगरभर ऐकू गेलेली किंकाळी माझीच.

पण फानचं तसं नाही. फान माझ्यासारखाच हमाल, माझ्या शेजारचा. खोटं बोलायला लागते तेवढी अक्कलच त्याला देवानं दिली नव्हती. आयुष्यात एकदा बोलला, तेही पेललं नाही. ते शेंगदाणे इकडे सरकवा, सांगतो.

गेल्याच्या गेल्या वर्षी, सातव्या महिन्याची तिसावी रात्र. नरकातल्या जिवांना तारणाऱ्या ती-त्सांग बोधिसत्त्वाचा जन्मदिवस, म्हणजे अख्खा डोंगर जागा. वर अवस. रोपवे संध्याकाळीच बंद झालेला. मागच्या कड्यावरच्या मढीतलं तेल संपत आलं होतं, आणि त्या रात्री तिथला दिवा विझून चालत नाही. मठाचे प्रमुख छांगतिंग भंतेजी फानला म्हणाले, “दोन डबे पोचव.”

“गुडघे बोलतात हो, भंतेजी.”

“बोलू देत. वाटेत सोबत होईल तुला.”

फान निघाला. वाट पाठ होती. वीस वर्षं त्यानं याच वाटेवर ओझी वाहिली होती, आणि ओझं टांगलेल्या बांबूचं मागचं टोक धरायला मढीतला चाओश्यू भिक्षू असायचा. दोघं जिवाभावाचे. हा चाओश्यू अंधाराला भ्यायचा. लहानपणी लपाछपीत भावांनी त्याला लोणच्याच्या रांजणात कोंडलं, वर झाकण ठेवलं आणि जेवायला निघून गेले. विसरलेच. तेव्हापासून हा गडी दिवा लावून झोपायचा.

“नरकातल्यांसाठी मंत्र म्हणतोस आणि अंधाराला भितोस?” फान चिडवायचा.

“नरकात निदान आग तरी असते रे,” चाओश्यू म्हणायचा. मग हळूच, “मेलो की मला जाळ, फान. रांजणात नको. वचन दे.”

फाननं दिलं.

आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. मोठा भिक्षू गेला की त्याला रांजणात बसवतात, मानेपर्यंत कोळसा नि चुना भरतात, झाकण लिंपतात. तीन वर्षांनी उघडायचं. देह टिकला असेल तर सोन्याचा मुलामा, आणि मग यात्रेकरूंची रीघ. पण बसवण्याआधी मेलेल्याच्या जवळच्या माणसाला सगळ्यांसमोर विचारतात, शेवटची इच्छा काही होती का? असली, तर ती कोणी मोडत नाही.

चाओश्यू गेला त्या रात्री छांगतिंगनी फानला स्वयंपाकघरात बोलावलं. स्वतःच्या हातानं चहा ओतला. “फाटकापाशी टपरी घालायचीय. बसून काम. तुझ्या गुडघ्यांना बरं. उद्या मी विचारीन हं... तुला काही आठवत नसेलच ना?”

दुसऱ्या दिवशी फान म्हणाला, “काही नाही म्हणाला तो.”

वर मढीत रांजण चढवताना चौघांत एक खांदा फानचाच होता. टपरी मिळाली छांगतिंगच्या भाच्याला.

तर फान चालला होता. अर्ध्या वाटेवरच्या मंडपापाशी दम खायला थांबला. अंधारातून कोणीतरी म्हणालं, “दे. मागून धरतो.”

असेल एखादा तरुण भिक्षू. फाननं दोन्ही डबे बांबूच्या मधोमध सरकवले, पुढचं टोक खांद्यावर घेतलं. मागचं उचललं गेलं. अलगद.

आपल्या धंद्यात पुढच्यानं मागं वळून बघायचं नसतं. मान फिरली की बांबू फिरतो, आणि ओझ्यासकट दोघं दरीत. पुढचा ओरडतो, मागचा तेच परत म्हणतो. एवढंच बोलणं.

“पायरी!”

“पायरी.”

“वळण!”

“वळण.”

झकास चाललं होतं. गुडघेसुद्धा गप्प झाले. मग मागून प्रश्न आला, अगदी सहज.

“वरच्या मढीतला गेला, तेव्हा तू होतास ना जवळ?”

“होतो.”

“काही म्हणाला होता?”

फान चालत राहिला. अंधारात कोण होतं बघायला... खरं सांगता आलं असतं.

“काही नाही म्हणाला तो.”

पुढं पायऱ्या लागल्या.

“पायरी!” फान ओरडला.

...

“पायरी!”

“अंधार.”

फानचा पाय हवेतच राहिला.

“काय म्हणालास?”

...

बांबू जड झाला. दोन डब्यांचा नव्हता तो भार. आणखी जड. खांद्याचं हाड कुरकुरलं. हे वजन ओळखीचं होतं. तीन वर्षांपूर्वी चौघांत मिळून उचललेलं.

वळून बघायचं नाही. बघायचं नाही.

“वळण!”

“अंधार.”

आता आवाज कानाशी होता. आणि त्या आवाजाला... श्वास नव्हता.

“पायरी...” फान रडत होता.

“अंधार.”

मढीचं अंगण लागलं. फाननं खांदा काढून घेतला. मागचं टोक आधीच जमिनीवर होतं. मागं कोणी नाही. वाटेवरही कोणी नाही.

सकाळी रांजण उघडायचा मुहूर्त. अंगण माणसांनी भरलं, मोबाइल वर झाले. छांगतिंगनी झाकणाचं लिंपण सगळ्यांना दाखवलं, कुठं केसाएवढी चीर नव्हती. झाकण निघालं. कोळसा मानेपर्यंत तसाच, दाबून भरलेला.

देह टिकला होता. पण दाराकडे तोंड करून बसवलेला चाओश्यू आता भिंतीकडे तोंड करून बसला होता. लोकांना दिसत होती ती त्याची मानगूट.

एकेक मोबाइल खाली आला.

फान पुढं झाला, रांजणाच्या काठाला धरून गुडघ्यांवर बसला. “नको म्हणाला होता हो,” तो ओरडला. “रांजण नको म्हणाला होता. मला जाळ म्हणाला होता!”

छांगतिंग भंतेजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मायेनं ठेवला, हं.

“मी तर विचारलं होतं, फान. सगळ्यांसमोर.”